दादाची मान

आरशात दादा डावखुरा दिसत होता, म्हणून पहिल्या क्षणी तिने त्याला ओळखलंच नाही. एरवी माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याचे हात ओळखू यायचे. सगळा जन्म हात वाचण्यात गेलेला. टेबलाच्या मधोमध एक आरसा उभा होता. त्याच्या पलीकडे तिचा उजवा हात लपवलेला, अलीकडे डावा. डावा उघडायचा, मिटायचा, आरशात बघत राहायचं, आणि मेंदूने समजून घ्यायचं की उजवाच उघडतोय, मिटतोय. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे हातालाच आरसा लावायची पाळी आली होती. थेरपिस्टचा फोन वाजला, ती उठली, उठताना तिचं कोपर लागून आरसा जरा तिरका झाला, आणि त्यात तिच्या हाताऐवजी डावीकडची काचेची भिंत आली, भिंतीपलीकडची बाकं आली, बाकावर बसलेला दादा आला. समोर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चष्मेवाला. दोघेही जन्मापासून बहिरे, दोघांचं बोलणं हातांनी. चष्मेवाल्याने विचारलं, ‘आता कशी आहे?’ दादा म्हणाला, ‘चालते. जेवते. तोंडाने नीट बोलते म्हणतात.’ मग थांबला. ‘हाताचं काही कळत नाही.’ आणि त्याने आपला उजवा हात छातीशी आणला, मनगट पाडलं, बोटं आत वळवली आणि तो हात हवेत वेडावाकडा ओढून दाखवला. तो तिचा हात होता. हुबेहूब. ‘मग तू काय करतोस?’ चष्मेवाल्याने विचारलं. ‘मी?’ दादाने गोड हसू चेहऱ्यावर आणलं आणि मान डोलावली, वर-खाली, वर-खाली. ‘हो हो म्हणतो. तिला बरं वाटतं.’

“ताई, लक्ष कुठाय? हात बघा, हात,” थेरपिस्ट परत येऊन म्हणाली. “बघतेच आहे,” ती म्हणाली. थेरपिस्टने आरसा सरळ केला आणि दादा गेला. ऐकणारी माणसं दुसऱ्याबद्दल बोलताना आवाज खाली घेतात. हातांनी बोलणारी माणसं दुसऱ्याचे डोळे कुठे आहेत ते बघतात. दादाने ते बघितलं असणारच. बहिणीची काचेकडे पाठ नाही, तरी ती तोंड फिरवून बसलेली, नजर टेबलावर, मग बिनधास्त बोलला. आरशाचं त्याच्या लक्षात आलं नाही. उलट्या हातांचं बोलणं तिला वाचता येणार नाही असं तर त्याला वाटलं नसतं, तिच्याइतकं पटकन वाचणारं त्याच्या ओळखीत कुणी नव्हतं. आणि या सगळ्याच्या तळाशी तिच्या मनात एक मूर्ख विचार बसला होता की नक्कल किती छान केली त्याने.

ती दुभाषी होती. कोर्टात, दवाखान्यात, कधी एखाद्या लग्नाच्या बोलणीत. बहिऱ्यांचं ऐकणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांचं बहिऱ्यांना सांगायचं. स्ट्रोक आला तोही भर वाक्यात. साक्षीला उभी असलेली बाई बहिरी, वकिलाचा प्रश्न असा की त्या दिवशी दार कुणी उघडलं. ‘दार’पर्यंत हात आला आणि तिथेच राहिला, मग हळूहळू खाली गेला, जणू त्याला त्या खटल्यात रस उरला नव्हता. वकिलाला वाटलं दुभाषीबाई विचार करताहेत. न्यायाधीशांना वाटलं पाणी हवंय. कळलं ते फक्त साक्षीदार बाईला. ती पिंजऱ्यातून धावत उतरली आणि तिने हिला पडता पडता धरलं. पुढे दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “भाषेचा भाग वाचला, नशीब समजा.” डॉक्टरांच्या लेखी भाषा म्हणजे तोंड. तिने तोंडाने त्यांचे आभार मानले, आणि चादरीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा असावा तसा अनोळखी पडला होता.

मग महिने गेले. हात खांद्यातून हलू लागला, कोपरातून हलू लागला, पण बोटं मिटायची ती उघडायची नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी या नव्या उपायाचं सांगितलं. अजून थोड्याच जणांना बसवलाय, कुणाला फरक पडतो, कुणाला पडत नाही, गॅरंटी मागू नका. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला तारेचा मिळाला. गळ्याखालच्या हाडापाशी, कातडीच्या आत, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी चकती. तिथून एक तार मानेतल्या एका शिरेपाशी गेलेली. थेरपिस्टपुढे बसून तिने ठोकळा उचलला, बरणीचं झाकण फिरवलं, की थेरपिस्ट हातातलं बटण दाबायची. गळ्यात एकदम खरखर व्हायची, तोंडात असलेला शब्द घोगरा व्हायचा, आणि संपायचं. त्या झटक्याने मेंदूला सांगायचं होतं, हे आत्ता केलंस ना, हे ठेवून घे. घरी बटण दाबायला कुणी नाही, म्हणून छातीवर एक लोहचुंबक फिरवायचं. मग अर्धा तास यंत्र आपलं आपण, थोड्या थोड्या वेळाने झटका देत राहतं. तेवढ्यात जे करायचं ते उजव्या हाताने करायचं. आणि डाव्या हातावर दिवसभर एक जाड मोजा, बोटं नसलेला, पिशवीसारखा, म्हणजे तो मध्ये मध्ये लुडबुड करणार नाही. थेरपिस्टच्या डोक्यावर उंच बांधलेला केसांचा झुबका होता. दादाने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं होतं, डोक्यावर पाच बोटं उभी करून, तुरेवाली. त्या दिवशी ती दादाबरोबर खूप हसली होती. तिच्या उजव्या हाताला ते नाव अजून घेता येत नव्हतं.

घरी येताना दादा शेजारून चालत होता. रस्ता ओलांडताना त्याने तिचं कोपर धरलं. ती मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरवत होती: किती दिवस? कधीपासून? परवा तिने त्याला वरच्या मजल्यावरच्या बाईची गंमत सांगितली होती, ती बाई कुत्र्याला बाळासारखी अंगाई म्हणते ती. तो हसला होता. कशाला हसला? तिच्या चेहऱ्याला बघून. गेल्या आठवड्यात तिने सांगितलं होतं, मला रात्री भीती वाटते, पुन्हा येईल म्हणून. तेव्हाही मान हलली होती, वर-खाली, आणि लगेच तो उठून खिडकीची कडी नीट करायला लागला होता. तिला वाटलं होतं, दादाला सहन होत नाही म्हणून उठला. तिला त्या रात्री बरं वाटलं होतं, झोपही लागली होती. आता आठवून तिच्या कानशिलात गरम झालं. ते बरं वाटणं तिने कुणाकडून फसवून घेतल्यासारखं होतं.

ती मान तिच्या ओळखीची होती. तिच्याइतकी ती मान कुणीच ओळखत नव्हतं. लहानपणी जेवायला बसलं की वडील काहीतरी म्हणायचे, सगळे हसायचे, दादा एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि आईला विचारायचा, ‘काय?’ आई म्हणायची, काही नाही रे, नंतर सांगते. ते नंतर कधी आलं नाही. मग दादाने विचारणं सोडलं. सगळे हसले की हसायचं, कुणी तोंड हलवत आपल्याकडे बघितलं की मान डोलवायची, एवढं त्याने शिकून घेतलं. मास्तरांना मान, दुकानदाराला मान, मामाला मान. नंदीबैलसुद्धा दिवसाकाठी इतकी मान डोलवत नसेल. एकदा दाताच्या डॉक्टरपुढे मान डोलावून तो चांगली धडधाकट दाढ काढून घेऊन घरी आला होता. घरात सगळे हसले, तोही हसला, रक्ताने भरलेला कापूस तोंडात धरून. तिने तेव्हा टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि मांडीवरच्या मांडीवर हातांनी सांगितलं, ते तुझ्या दाढेला हसताहेत. तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. दादाचं हसू पुसलं गेलं आणि त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं आता मारणार. पण त्याने विचारलं, ‘आधी काय म्हणाले?’ त्या दिवसापासून ती सांगत राहिली. तिच्यापुढे ती मान कधी डोलली नाही. कळलं नाही तर तो तिच्या हातावर चापटी मारायचा, बोटं चघळत बोलू नकोस, नीट सांग. भांडण झालं की आठ आठ दिवस अबोला. लग्नाचा विषय निघाला तेव्हा आई म्हणायची, हिला नवरा कशाला हवा, हिचं सगळं बोलणं तिकडेच संपतं. ते काही खोटं नव्हतं.

रात्री तिने लोहचुंबक हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. तिच्या मनात पाल चुकचुकली होती. झटका येतो तेव्हा जे केलं ते मेंदू ठेवून घेतो. आणि रोज संध्याकाळी दादा यायचा, कामावरून सरळ, बोटांना सोफ्याच्या कापडाचे धागे चिकटलेले. तो सोफ्यांना कापड चढवायचं काम करायचा. तो स्टुलावर बसला की ती यंत्र चालू करायची आणि त्याच्याशी बोलायची, म्हणजे बोलते असं तिला वाटायचं. गळ्यात खरखर, समोर दादाची मान: बरोबर, बरोबर. म्हणजे इतके दिवस तिने काय पक्कं केलं? मिटलेल्या बोटांचा एक गोळा हवेत फिरवणं? दुसऱ्या दिवशी तिने थेरपिस्टला विचारलं, उगाच विचारल्यासारखं. “चुकीचं केलं, आणि समोरच्याने बरोबर म्हटलं, तर?” थेरपिस्ट बरण्या मांडत होती. “चुकीचं कसं कळणार मेंदूला, ताई? लहान मुलासारखा असतो तो. ज्याला शाबासकी मिळाली ते पुन्हा करतो. म्हणून तर मी बटण उगाच दाबत नाही, बघा. तुम्हाला राग येतो, मला दिसतं.” आणि हसली. “का, घरी कुणी लाड करतंय का?” “छे,” ती म्हणाली. तो शब्द घोगरा आला; बोलता बोलता तिने एक झाकण फिरवलं होतं आणि थेरपिस्टने नेमकं तेव्हाच बटण दाबलं होतं.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. ताकास तूर लागू दिली नाही. दादा यायचा, फळं कापून द्यायचा, फोनवर लिहून दाखवायचा: वीजबिल भरलं, नळवाला उद्या येईल. पूर्वी नळवाल्याची चाल, त्याचं पोट, त्याने पान्हा कुठे विसरला, हे सगळं हातांनी व्हायचं, पोट धरून हसणं व्हायचं. आता बातम्या यायच्या, सरकारी पत्रकासारख्या. ती त्याच्या मानेकडे बघत बसायची. मानेवर मागे एक तीळ होता, कॉलर घासून घासून जागा काळी पडली होती. तिला ती मान दोन्ही हातांनी धरून ठेवावीशी वाटायची. बाहेर गेली तरी सुटका नव्हती. औषधाच्या दुकानात म्हातारा गिऱ्हाईक दुकानदाराला मान डोलवत होता, त्याला ऐकू आलं नव्हतं, हे तिला लांबून दिसलं. लिफ्टमध्ये साहेबापुढे कारकून मान डोलवत होता. जिकडे तिकडे माना. मग तिला स्वतःची मानही संशयास्पद वाटू लागली; डॉक्टर काही सांगत होते आणि ती हो हो करत होती, एक शब्द आत गेला नव्हता. घरी येऊन ती दारामागे उभी राहिली आणि तिला पहिल्यांदाच कळलं की दादा आयुष्यभर किती दमून घरी येत असेल.

सांगावं, तर तो दुखावेल. न सांगावं, तर अर्धा तास रोज वाया, नुसता वाया नाही, उलटा. आणि खरं तर यंत्राचं एवढं नव्हतंच. हात सुधारला नाही तर नाही. लोक एका हाताने जगतात. पण दादाच्या जगात दोन ढीग होते, ज्यांना मान डोलवायची ते आणि ती. आणि तिला न विचारता, न भांडता, फार प्रेमाने त्याने उचलून पहिल्या ढिगात ठेवलं होतं. हे तिला असह्य होतं. स्ट्रोकसुद्धा इतका असह्य झाला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने लोहचुंबक छातीवरून फिरवलं आणि दादासमोर बसली. तो स्टूल पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलासारखा बसला. चेहऱ्यावर ते हसू आधीच तयार होतं. गळ्यात पहिली खरखर आली. तिने उजवा हात उचलला आणि सांगितलं, ‘तू गाढव आहेस.’ चेहरा अगदी साधा ठेवून, जणू हवापाण्याचं बोलणं. अंगठा कानशिलाला लागला, बोटं उघडायची ती मिटलेलीच राहिली, हात घसरून गालावर आला. ‘मोठं गाढव. खरं की नाही?’ दादाने मान डोलावली. वर-खाली, वर-खाली. हसला. ‘हो, हो.’

तिला हसू फुटलं. ते इतकं मोठं आलं की मध्ये झटका बसून ते हसू घोगरं झालं, पुरुषासारखं, आणि ते ऐकून ती आणखी हसली, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. दादाही हसू लागला, सगळे हसले की हसायचं तसा, आणि मग त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिने दातांनी डाव्या हातावरचा मोजा ओढून काढला, तोंडात धरला, थुंकल्यासारखा खाली टाकला. ‘काय म्हणाले मी?’ तिने डाव्या हाताने विचारलं. डाव्या हाताचं बोलणं अडाणी, पण स्वच्छ. ‘सांग. काय म्हणाले?’ दादाने खिडकीकडे बघितलं. ‘दमलीस म्हणालीस.’ ‘गाढव म्हणाले. तुला. आणि तू हो म्हणालास.’

त्याचा चेहरा पडला. ‘तुझी नक्कल छान होती,’ ती म्हणाली, ‘दवाखान्यात. चष्मेवाल्यासमोर. मी बघितली.’ कशी बघितली हे त्याने विचारलं नाही. थोडा वेळ तो आपल्या बोटांवरचे धागे काढत बसला, एक एक करून, आणि त्याचं ते बसणं बघून तिला वाटलं, संपलं, आता हा उठून जाईल. पण त्याने एकदम हात उचलले आणि ते असे सुटले की तिला मागे सरकावं लागलं. ‘मग काय करू? दर शब्दाला तुला थांबवू? कळलं नाही, कळलं नाही, पुन्हा सांग, पुन्हा सांग? तुला माहीत आहे पुन्हा सांगायला लावलं की माणसाचा चेहरा कसा होतो? मला माहीत आहे. मी लहानपणापासून तो चेहरा बघतोय. आईचा बघितला. मास्तरांचा बघितला. आधी डोळे मोठे होतात, मग ओठ मिटतात, मग म्हणतात, जाऊ दे. तुझा मला बघायचा नव्हता. तू जाऊ दे म्हणालीस, तर मी कुठे जाऊ?’

त्याचे हात परत मांडीवर पडले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. हे फक्त तिला ऐकू येत होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की दादाने तिला टाकून दिलं. तो तर घाबरलेला होता. तिच्यासारखाच, तिच्याइतकाच, आणि दोघं समोरासमोर बसून एकमेकांना बरं वाटेल असं वागत होते. तिने वाकून मोजा उचलला आणि डावा हात त्याच्यापुढे धरला. चढव. तो काही कळत नसल्यासारखा बघत राहिला, मग त्याने मोजा तिच्या हातावर चढवला, सोफ्याच्या कोपऱ्यावर कापड ओढून बसवतात तसा, घट्ट. आता तिच्यापाशी फक्त उजवा हात उरला. तिने तो उचलला. तिला म्हणायचं होतं, मी लोक नाही. एवढंच. ‘मी’ जमलं, मुठीने छातीवर. पुढचं सगळं उघड्या बोटांचं. बोटांपर्यंत हुकूम पोचत होता, हे तिला आतून जाणवत होतं, पण दार आतून धरून ठेवल्यासारखी ती उघडत नव्हती. करंगळी तेवढी जराशी हलली. गळ्यात खरखर झाली आणि गेली.

दादा तिच्या हाताकडे बघत होता. तो पुढे वाकला होता, कपाळाला आठ्या, ओठ एका बाजूला ओढलेले, वाईट शिवण दिसली की कारागिरावर खेकसण्याआधी तो बघायचा तसा. चेहऱ्यावर हसूबिसू काही नव्हतं. स्ट्रोकनंतर इतकं उर्मट त्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

‘कळलं नाही,’ तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. हात जड झाला होता, खांद्यातून कळ येत होती. डोळे मोठे होऊ नयेत, ओठ मिटू नयेत, म्हणून ती आपला चेहरा सांभाळत होती, आणि मग तिला जाणवलं की सांभाळायची गरजच नाही, तिला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर मावत नव्हता.

‘कळलं नाही,’ तो म्हणाला. ‘मी, मग काय? पुन्हा.’

तिने पुन्हा सांगितलं. बाहेर अंधारून आलं, दादाने उठून दिवा लावला, हात नीट दिसावा म्हणून स्टूल दिव्याखाली ओढलं आणि परत बसला. यंत्राचा अर्धा तास केव्हाच संपला होता. ती सांगत होती, तो बघत होता, आणि त्याची मान जागची हलत नव्हती.